दोन टक्क्यांचे दान की खरेदीचा चोख हिशेब?

(कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला विषय दिला आहे, "ग्रामीण दारिद्र्य, टिकाऊ शेती आणि उद्योगधंद्यांची जबाबदारी". आपल्यापैकी काहींना वाटेल, आम्ही रेल्वेवाले, आम्ही पोस्टवाले. आमचा शेतीशी संबंध काय? पण या सभागृहात ज्यांच्या घराण्याचा सातबारा गावाकडे आहे, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. नोकरी भुसावळला असो, इटारसीला असो, वडोदऱ्याला असो की सिकंदराबादला असो, भाऊ गावी शेती बघतो. पेरणीच्या वेळी बियाणे-खतासाठी आपल्या पगारातून पैसे जातात आणि पीक निघाल्यावर ते परत येतातच असे नाही. म्हणजे शेतमालाला पडेल भाव देणारा खरेदीदार केवळ शेतकऱ्याला लुटत नाही, तो तुमच्या-माझ्या पगारातूनही कापून घेतो. हा विषय आपलाच आहे.

दान आणि व्यवहार

उद्योगांनी दारिद्र्य कमी करण्यासाठी काय करावे, असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते: सामाजिक जबाबदारीचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. त्यातून शाळेच्या खोल्या होतात, बंधारे होतात, आरोग्य शिबिरे होतात. चांगले आहे. त्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही.

पण ही रक्कम नफ्याचे दोन टक्के आहे, हे ध्यानात ठेवा. तीच कंपनी शेतकऱ्याकडून दूध, ऊस, बटाटा, द्राक्षे किंवा कापूस विकत घेत असेल, तर त्या खरेदीची रक्कम या दोन टक्क्यांच्या कितीतरी पट असते. वजन कोण करतो, भाव कोण ठरवतो, पैसे कोणत्या तारखेला मिळतात, माल नासला तर तोटा कोणाचा, यावर गावाचे दारिद्र्य वाढते किंवा घटते. खरेदीत शंभर रुपये मारायचे आणि निधीतून दोन रुपयांचा बंधारा बांधून द्यायचा, याला मदत म्हणता येणार नाही. म्हणून आज मी दानाबद्दल बोलणार नाही, व्यवहाराबद्दल बोलणार आहे. त्यासाठी एकाच भागाचे उदाहरण घेतो. तो भाग म्हणजे गुजरातमधील खेडा जिल्हा आणि त्यातून १९९७ साली वेगळा झालेला आणंद जिल्हा.

खेड्यातील दूधबंदी

मुंबई शहराला दूध पुरवण्यासाठी १९४५ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने एक योजना सुरू केली. दूध आणंद भागातून येत असे. मधे सव्वाचारशे किलोमीटरचा रेल्वेचा मार्ग. गावोगावचे दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या खाजगी डेअरीकडे होता आणि गावात तिचे ठेकेदार फिरत. मुंबईत दुधाला मागणी होती, सरकार भाव देत होते. पण मधल्या मधे तो जिरत होता. म्हशीची धार काढणाऱ्या घरापर्यंत फारच थोडे पोहोचत होते.

शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. सरदारांनी सल्ला दिला की स्वतःची सहकारी संस्था काढा आणि सरकार ऐकत नसेल तर दूध देणे बंद करा. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी सभा झाली, मोरारजी देसाई तिला हजर होते. ठराव झाला की पोल्सनला दूध घालायचे नाही. पंधरा दिवस दूध थांबले. मुंबईची योजना अडचणीत आली, दूध आयुक्तांना आणंदला यावे लागले आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. सुरुवात दोन गावांच्या संस्थांपासून आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दुधापासून झाली.

त्याच १९४६ सालच्या जुलै महिन्यात टपाल कामगारांचा देशव्यापी संप झाला होता. टपाल संघटनेत काम करणाऱ्यांना तो ठाऊक असेल. एकाच वर्षी पोस्टमनने पत्रे थांबवली आणि खेड्याच्या शेतकऱ्याने दूध थांबवले. दोघांचे हत्यार एकच होते.

नासणाऱ्या मालाचा मालक

आता फरकही पाहा. आपण संप केला तर आपली श्रमशक्ती दुसऱ्या दिवशीही शिल्लक राहते. शेतकऱ्याचे दूध काही तासांत फाटते. ज्याचा माल नासतो त्याला घासाघीस करता येत नाही. म्हणून नुसता संप पुरला नाही, त्याच्या मागोमाग व्यवसाय उभा करावा लागला.

थंडीत म्हैस जास्त दूध देते, उन्हाळ्यात कमी. थंडीत दूध वाढले की खरेदीदार म्हणत, आज नको. याला उत्तर एकच होते: जादा दुधाची पावडर आणि लोणी करणे. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. १९४९ साली आणंदला आलेले वर्गीस कुरियन आणि त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफच्या मदतीने उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी केले. त्या दिवसापासून गावातल्या डेअरीला सांगता आले की थंडी असो की उन्हाळा, जेवढे दूध आणाल तेवढे घेऊ.

दारिद्र्य कमी करणारे खरे वाक्य हे आहे. दोन म्हशींच्या घराला भाषण नको असते, सकाळ-संध्याकाळचा खात्रीचा गिऱ्हाईक हवा असतो. आपल्या देशातील शेतकऱ्यांची स्थिती आठवा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. त्यांचे पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येते आणि खर्च मात्र रोजचा असतो. दुधाचा पैसा आठ-दहा दिवसांनी हातात पडला तर सावकाराचे दार वाजवावे लागत नाही.

गावातल्या संस्थेची रीत साधी होती. सगळ्यांनी एकाच रांगेत उभे राहायचे, पुढारी असो की भूमिहीन. दूध सर्वांसमोर मोजायचे, नमुना घेऊन फॅट तपासायची, त्यावर भाव ठरवायचा आणि पुस्तकात नोंद करून द्यायची. पुढे १९६४ साली कंजरी येथे पशुखाद्याचा कारखाना निघाला, गावात जनावरांचे डॉक्टर जाऊ लागले. १९७३ साली जिल्हा संघांचा मिळून गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ झाला. आज सुमारे ३६ लाख उत्पादक त्याच्याशी जोडलेले आहेत. गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातील ऐंशी पैशांच्या आसपास उत्पादकाकडे परत जातात, असे महासंघ सांगतो. इतर शेतमालात शेतकऱ्याला किती मिळतात, ते तुम्ही आपल्या गावच्या कांद्याच्या पट्टीवर पाहिलेच आहे.

फुकटच्या पावडरचे काय केले?

दान आणि व्यवहार यांतला फरक दाखवणारी आणखी एक गोष्ट सांगतो. १९७० साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने दुग्धमहापूर योजना सुरू केली. त्या काळी युरोपातील देशांकडे दूध पावडर आणि लोणी तेलाचे डोंगर साठले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत तो माल भारताला देणगी म्हणून मिळाला. तो शहरात फुकट किंवा मातीमोल भावाने वाटला असता तर चार दिवस गरिबांना दूध मिळाले असते आणि आपल्या शेतकऱ्याचा बाजार कायमचा बुडाला असता.

तसे केले नाही. पावडरचे दूध करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे योग्य भावाने विकले. जमलेला पैसा गावच्या संस्था, शीतकरण केंद्रे आणि वाहतूक यांत घातला. रेल्वेचे दुधाचे टँकर त्यातूनच धावू लागले. १९९६ पर्यंत ही योजना चालली आणि १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. या यशात इंजिन चालवणाऱ्याचा, सांधेवाल्याचा आणि यार्डातल्या खलाशाचा वाटा आहे. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा मार्चच्या अखेरीस आंध्र प्रदेशातील रेणिगुंट्याहून दिल्लीकडे दुधाच्या खास गाड्या सुटू लागल्या. सगळे घरात असताना आपले लोक कामावर होते. त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे निघाली. शेतकऱ्याचा माल वेळेवर नेणे हीसुद्धा दारिद्र्याविरुद्धची लढाई आहे.

दूध वाढले, पाणी खाली गेले

पण बंधूंनो, एकच बाजू सांगून मी खाली बसलो तर तो प्रचार होईल. दुधाच्या धंद्याने गुजरातमध्ये पैसा आणला, तसा एक नवा प्रश्नही आणला. उत्तर गुजरातमध्ये, मेहसाणा-बनासकांठा भागात, हिरव्या चाऱ्यासाठी लसूणघास लावला जातो. त्याला पाणी लागते आणि ते पाणी जमिनीखालून उपसले जाते. वर्षानुवर्षे विहिरी आणि कूपनलिका खोल होत गेल्या. आज मिळणारा पैसा उद्याच्या पाण्यातून येत असेल तर ती कमाई म्हणता येणार नाही, ते भांडवल खाणे झाले. महाराष्ट्रात उसाच्या बाबतीत आपण हेच पाहतो. साखर कारखाना आला, रस्ते आले, शाळा-कॉलेजे आली आणि दुष्काळी तालुक्यातही ऊस उभा राहिला.

यावर नुसता उपदेश करून चालत नाही. "पाणी वाचवा" अशी पाटी लावली म्हणून मोटर बंद होत नाही. पाणी वाचवल्याचे पैसे मिळाले तरच ती बंद होते. याचेही उदाहरण त्याच खेडा जिल्ह्यात आहे.

धुंडी नावाचे गाव. तेथे २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सौर पंपांची सहकारी संस्था काढली. सौर पंपाचा एक धोका असतो. डिझेलला पैसे पडतात म्हणून शेतकरी जपून उपसा करतो; ऊन फुकट असल्याने दिवसभर पंप चालू ठेवला तरी खिशाला झळ लागत नाही आणि विहीर कोरडी होते. धुंडीत पंप विजेच्या जाळ्याला जोडले. पिकाला लागेल तेवढे पाणी काढायचे, उरलेली वीज विकायची. मध्य गुजरात वीज कंपनीने २५ वर्षांचा करार करून युनिटला ४ रुपये ६३ पैसे भाव ठरवला. आता विनाकारण पंप चालवणे म्हणजे विकता येणारी वीज जाळणे. पाण्याला किंमत आली ती अशी. पुढे २०१८ ची गुजरातची सूर्यशक्ती किसान योजना आणि २०१९ ची केंद्राची कुसुम योजना यांत शेतकऱ्याने वीज विकण्याची ही कल्पना आली.

तसाच प्रयोग आणंद जिल्ह्यातील झकरियापुरा गावी शेणाचा झाला. घरोघरी बायोगॅसचे संच बसले. चूल धुराशिवाय पेटू लागली. राहिलेली मळी काही शेतात जाते, काही विकली जाते आणि तिचे खत केले जाते. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने अशा खतासाठी "सुधन" हे व्यापारी नावही काढले. जे उकिरड्यावर पडत होते त्याला गिऱ्हाईक मिळाले आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळाले. धुंडी काय, झकरियापुरा काय, दोन्हीकडे सूत्र एकच. जमीन आणि पाणी सांभाळणाऱ्याला उद्योगाने रोख मोबदला दिला पाहिजे.

करार कोणाच्या बाजूचा?

याच गुजरातमध्ये दुसऱ्या प्रकारचा व्यवहारही झाला. वेफर्ससाठी लागणाऱ्या बटाट्याच्या एका वाणावर पेप्सीको कंपनीची नोंदणी होती. तो वाण लावला म्हणून २०१९ साली कंपनीने साबरकांठा जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर दावे लावले आणि एकेकाकडून एक कोटी रुपयांपेक्षा जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढे २०२१ मध्ये संबंधित प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली, तर जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचे अपील मान्य केले. न्यायालयाची बाब न्यायालयापाशी. आपल्या दृष्टीने धडा एवढाच की ठरलेला गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव ही सोय खरी. पण बियाणे कोणाचे आणि भांडण झाले तर वकील कोणाला परवडतो, हे करारावर अंगठा उठवण्यापूर्वी पाहावे लागते. एकटा शेतकरी आणि मोठी कंपनी यांचा करार म्हणजे एकटा कामगार आणि व्यवस्थापन यांचा करार. त्यात काय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

चार प्रश्न

म्हणून कोणताही उद्योग म्हणाला की आम्ही शेतकऱ्याचे भले करतो, तर त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला, वजन आणि प्रत कोण ठरवते? ते शेतकऱ्यासमोर, त्याला तपासता येईल अशा काट्यावर होते काय?

दुसरा, पैसे कोणत्या तारखेला? उसासाठी १९६६ च्या नियंत्रण आदेशात चौदा दिवसांची मुदत आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. तरीही थकबाकीसाठी शेतकऱ्याला रस्त्यावर यावे लागते. एक हिशेब करा. एक लाख रुपये तीन महिने थकले आणि शेतकऱ्याने तेवढ्या काळासाठी सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने कर्ज काढले, तर सहा हजार रुपये गेले. म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला बिनव्याजी भांडवल पुरवले आणि त्याचे व्याज मात्र स्वतः भरले.

तिसरा, पाणी आणि माती यांचा खर्च भावात धरला आहे काय? ठिबक बसवणाऱ्याला, विष कमी फवारणाऱ्याला, जमिनीत खत परत घालणाऱ्याला जादा पैसे मिळतात, की त्याला फक्त प्रमाणपत्र मिळते?

चौथा, आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा, राबणाऱ्याचे काय? बागायतदाराला भाव मिळाला. पण ऊस तोडणारे जोडपे मुकादमाच्या उचलीत अडकलेलेच राहिले, तर दारिद्र्य कमी झाले असे म्हणता येणार नाही. म्हशीचे शेण काढणारी, चारा आणणारी, धार काढणारी बाई असते आणि डेअरीच्या पुस्तकावर नाव नवऱ्याचे असते. तिचे नाव सभासदांच्या यादीत आहे काय? मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो त्यांनी लढून मिळवला. शेतमालाच्या साखळीतील असा प्रत्येक हात मोजला गेला पाहिजे.

आपण काय करायचे?

शेवटी आपल्याकडे येतो. आपण केवळ नोकरदार नाही, आपण मोठे गिऱ्हाईक आहोत. आपल्या पतसंस्था आहेत, ग्राहक भांडारे आहेत, वसाहती आहेत, उपाहारगृहे आहेत. तेथे महिन्याला किती दूध, डाळ, तांदूळ, कांदा, गूळ लागतो याचा हिशेब प्रत्येक शाखेने काढावा. त्यातला काही माल शेतकरी उत्पादक कंपनीकडून किंवा महिला गटाकडून थेट घेता येईल काय, याचा ठराव पुढच्या सभेत आणावा. शेतकऱ्यांच्या अशा कंपन्यांना कायद्यात जागा मिळून वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. त्यांना अनुदानाइतकीच गरज वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे. आणि जे चार प्रश्न आपण कंपनीला विचारतो, तेच आपल्या भांडारालाही लागू करावेत. उधारी तीन महिने थकवून शेतकऱ्याच्या नावाने घोषणा देऊ नयेत.

टपाल खात्यातील मित्रांसाठी वेगळे काम आहे. २०१८ साली सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे ग्रामीण डाकसेवक आता घरपोच पैसे देतो. दुधाचे, भाजीचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत म्हणून तिचे खाते उघडून देणे त्याच्या हातात आहे. रेल्वेतील मित्रांनी आपल्या स्थानकावर नाशवंत मालाला सावली, वेळेवर डबा आणि हमालाला हक्काची मजुरी मिळते की नाही, हे संघटनेच्या मागणीपत्रात घालावे.

खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९४६ साली कोणाची देणगी मागितली नव्हती. त्यांनी आपल्या दुधाचा खरा भाव मागितला, तो मिळेना तेव्हा दूध थांबवले आणि नंतर स्वतःचा कारखाना उभा केला. संघटना, हिशेब आणि चिकाटी या तीन गोष्टींवर ते उभे राहिले. या तिन्ही गोष्टी आपल्या चळवळीला नव्या नाहीत. त्या गावाकडे न्यायच्या आहेत, एवढेच सांगतो आणि थांबतो.